पडलेली गोष्ट

“ताई तिथं नव्हतीच,” मावशी म्हणाल्या आणि चहा ढवळत राहिल्या. साखर केव्हाच विरघळली असणार. समोर बसलेल्या भाचेसुनेच्या मांडीवर वही उघडी होती आणि वहीच्या वरच्या ओळीत तिनं घरूनच लिहून आणलं होतं, ‘मावशींकडून दुजोरा’. म्हणजे प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर लिहून ती मोकळी झाली होती. पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच महिन्यात जे करू नका म्हणून घसा फोडून सांगतात, नेमकं तेच. “तिथं म्हणजे?” तिनं विचारलं. “टेलिफोनच्या बोर्डावर गं. आग लागली तेव्हा. ताई उठून गेली होती. मी होते.” आज पाणी उशिरा आलं हे सांगावं, तसा मावशींचा आवाज होता. त्यांनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. तिनं एक बिस्किट उचललं आणि हातातच धरून ठेवलं. मावशी म्हणजे तिच्या सासूबाईंची, म्हणजे या ताईचीच, धाकटी बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत एकट्या राहत, कमी बोलत आणि कार्याच्या घरी कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसत. सासूबाई आगीची गोष्ट सांगायला लागल्या की मावशी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत. त्या गोष्टीत घाबरून पळून गेलेली बहीण म्हणजे मावशीच होत्या, आणि तरी त्या हसत, याचं तिला नेहमी कौतुक वाटायचं. “मी पळाले असं ती सांगते ना,” मावशी म्हणाल्या, “सांगू दे. अगं, पळायला सुद्धा धैर्य लागतं. माझे पायच उचलेनात. सगळ्या उठल्या, ताई उठली, मी आपली प्लग हातात धरून बसलेली. कॉल बिल काही जोडत नव्हते. कुठले कॉल! बोर्ड केव्हाच मेला होता. मग धूर नाकातोंडात गेला आणि पडले. अग्निशमनच्या माणसानं काढलं बाहेर.” तिनं विचारलं, “मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?” मावशींनी जरा विचार केला. “कुणी विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या. “आणि ती सांगते तेव्हा किती छान सांगते.”

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि बस सुटल्यावर तिच्या लक्षात आलं की बिस्किट अजून मुठीत आहे. तिनं ते खाल्लं. मऊ पडलं होतं. सासूबाईंची गोष्ट तिला पाठ होती. घरातल्या सगळ्यांनाच होती. दोघी बहिणी टेलिफोन एक्सचेंजमध्ये, शेजारी शेजारी खुर्च्या, समोर भिंतभर बोर्ड, लांब गावांचे ट्रंक कॉल प्लग लावून जोडायचे. खाली तारांच्या खोलीत आग लागली. धूर जिन्यातून वर आला. सगळ्या पोरी ओरडत पळाल्या, धाकटी पळता पळता जिन्यात पडली आणि दवाखान्यात जाऊन पोचली. “आणि मी?” इथं सासूबाई थांबायच्या. समोरच्यानं ‘आणि तुम्ही?’ म्हटल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत. “मी बसून राहिले. आधी अग्निशमनला कॉल जोडला, मग हॉस्पिटलला, आणि मग हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवला.” ती खुंटी तिला फार आवडायची. दूध उतू गेलं तरी ही गोष्ट निघे, वीज गेली तरी निघे, मुलाला गणितात कमी मार्क पडले तरी कुठून तरी धूर यायचाच. नवरा म्हणायचा, “आईची आग काही विझत नाही.” तीही हसायची. पण लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा पहिले काही महिने सगळे तिच्यासमोर बोलत, तिच्याविषयी बोलत, तिला कामं सांगत. तिच्याशी म्हणून कुणी बोलत नव्हतं. एका दुपारी सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि ही गोष्ट सांगितली, सावकाश, थांबत थांबत. ‘आणि मी?’ म्हणून त्या थांबल्या तेव्हा ती सुद्धा थांबली, कारण तिला नियम माहीत नव्हता. मग सासूबाईच म्हणाल्या, “अगं, विचार ना, आणि तुम्ही?” त्या घरात तिला उद्देशून सांगितली गेलेली ती पहिली गोष्ट. त्यानंतर दुपार म्हणजे त्या दोघींची वेळ झाली. बाहेर कुणी मैत्रीण असायला हवी होती, नव्हती. सासूबाई होत्या.

विद्यापीठात सुद्धा तिला सासूबाईंनीच पाठवलं. फॉर्म तिनं आणला होता आणि डाळीच्या डब्याखाली ठेवून दिला होता, कारण छत्तिसाव्या वर्षी पत्रकारिता शिकायची असं मोठ्यानं म्हणायला तिला स्वतःलाच लाज वाटत होती. तो सापडला तेव्हा नवरा म्हणाला, “या वयात? पोरांबरोबर बाकावर बसणार?” त्याचा राग नव्हता, त्याला खरंच चित्र दिसत नव्हतं. सासूबाई भांडी पुसत होत्या. त्या वळल्या सुद्धा नाहीत. “मी आगीत बसून राहिले,” त्या म्हणाल्या, “तिला बाकावर बसायला काय धाड भरलीय?” विषय संपला. पहिल्याच दिवशी दारावरच्या रखवालदारानं तिला अडवलं आणि अदबीनं म्हणाला, “बाई, पालकांनी बाहेर थांबायचं.” ती खरंच थोडा वेळ बाहेर थांबली. आत जायच्या आधी जिन्याच्या कठड्याला धरून तिनं डोळे मिटले आणि धुरात बसलेली एक बाई डोळ्यांसमोर आणली. कानांवर हेडफोन, पाठ ताठ. प्रवेशाच्या मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडली तेव्हाही हीच बाई. पहिल्यांदा भर रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून प्रश्न विचारायचा होता तेव्हाही. आता बस सिग्नलला थांबली आणि ती मनातल्या मनात त्या बाईचा चेहरा बदलून मावशींचा चेहरा बसवायचा प्रयत्न करायला लागली. बसेना. मावशींचा चेहरा लावला की पाठ ताठ राहीना, आणि सासूबाईंचा लावला की खुर्ची रिकामी व्हायची. इतकी वर्षं उसनं घेतलेलं ते धैर्य आता कुणाला परत करायचं, हे तिला कळेना. मग तिला राग आला. खोटारडी, असा शब्द चक्क मनात आला, आणि तो आल्याबरोबर तिनं शेजारच्या प्रवाशाकडे पाहिलं, जणू त्यानं ऐकलं असेल.

एवढ्या मोठ्या सरकारी विद्यापीठात माणूस सहज हरवतो आणि तेच तिला आवडलं होतं. घरी ती सून होती, आई होती, कुणाची वहिनी होती. इथं हजेरीच्या यादीत खालच्या बाजूला असलेला एक नंबर. वर्ग सकाळी संख्याशास्त्रवाले वापरत, त्यामुळं फळ्यावर कायम कुणाची तरी आकडेमोड शिल्लक असे आणि ती पुसायची कुणाची जबाबदारी हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. पंखे बरेच होते, फिरणारे थोडे. मागच्या बाकांपर्यंत सरांचा आवाज पोचत नसे, म्हणून ती पुढं बसायची. शेजारी बसणाऱ्या मुलीला सगळे माईक म्हणत, कारण खरा माईक बंद पडला की सर तिला उभं करून सूचना वाचायला लावत. हिला वर्ग काकू म्हणायचा. सुरुवातीला टोचलं, मग पदवी मिळाल्यासारखं वाटायला लागलं. सर पूर्वी एका वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याच्या कामावर होते आणि अजूनही बोलताना हातात नसलेल्या लाल पेन्सिलीनं हवेत काटछाट करत. या सत्राचा मुख्य अभ्यास त्यांनीच काढला होता. घरात सांगितली जाणारी एक गोष्ट घ्यायची आणि ती खरी आहे का ते तपासायचं. सांगणारा सोडून दुसरं माणूस गाठायचं, ज्यानं ते डोळ्यांनी पाहिलं आहे असं. “बाहेरच्याचं आपण तपासतो,” सर म्हणाले होते, “घरच्याचं गिळतो.” वर्गानं ते वाक्य उतरवून घेतलं, परीक्षेत येईल म्हणून.

मग एकेकाच्या घरातल्या गोष्टी पडायला लागल्या. हा शब्द मुलांनीच काढला. कॉरिडॉरमध्ये, कँटीनच्या रांगेत, जिन्यावर एकच चौकशी, “तुझी उभी की पडली?” एकाचे आजोबा मोठे मुष्टियोद्धे होते म्हणून त्याच्या घरात हातमोजे काचेच्या कपाटात ठेवलेले. आजोबांचे जुने मित्र म्हणाले, मुष्टियोद्धा कसला, तो टॉवेल धरायचा. वर्गानं टाळ्या वाजवून ‘पडली!’ असा गजर केला आणि तो मुलगाही हसला, जरा उशिरा. माईकची आई वर्गात पहिली आली होती. दुसरं माणूस शोधल्यावर कळलं की वर्गात दोघीच होत्या. “आईला सांगितलंस?” हिनं विचारलं होतं. “सांगितलं ना,” माईक म्हणाली, “आई म्हणते, पण दुसरी फार हुशार होती.” पडलेल्या गोष्टीला सर जास्त मार्क देत, कारण ती पडली म्हणजे पोरानं खरंच ढकलून पाहिली. तेव्हा ती निर्धास्त होती. तिच्याकडे असलेली गोष्ट काही पडणारी नव्हती. उलट तिला वाटायचं, वर्गात एक तरी उभी राहिलेली गोष्ट हवी आणि ती काकूंची असेल. ग्रंथालयात जाऊन तिनं त्या काळातलं वर्तमानपत्र काढून घेतलं होतं. आगीची बातमी आतल्या पानावर, जेमतेम एक परिच्छेद: इमारतीचा भाग जळाला, जीवितहानी नाही. दोघींपैकी एकही बहीण त्यात नव्हती. बातमीत काय, कुणीच नसतं, असं म्हणून तिनं मावशींचा पत्ता काढला होता. हौस दांडगी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिनं माईकला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण पोटात ठरेना. माईकनं टेबलावर हात आपटला. “काकू, ही तर सगळ्यांत मोठी पडली! नुसती पडली नाही, उलटी पडली. जी पळाली म्हणतात ती बसलेली आणि जी बसली म्हणतात ती पळालेली! वर्गात पहिल्या तुम्ही.” तिला त्या क्षणी माईकचा एवढा राग आला की तिनं आपला चहा उचलला आणि दुसऱ्या टेबलाकडे जायला निघाली. मग कुठं जाणार, म्हणून परत बसली. “तू त्यांना ओळखत नाहीस,” ती म्हणाली. माईकनं टेबलावरचा हात काढून घेतला. जरा वेळानं हळू म्हणाली, “मग दुसरी गोष्ट घ्या ना. कुणाला कळणारे?” हे तिच्याही मनात आलं होतं. नवऱ्याच्या काकांचा एक किस्सा होता, निरुपद्रवी, कुत्रा चावल्याचा. तो घेऊन सरांकडे जायचं आणि मावशींचं बोलणं मूग गिळून विसरायचं. पण विसरायचं म्हणजे नेमकं काय करायचं? दुपारी सासूबाई पुन्हा ती गोष्ट सांगतील, ‘आणि मी?’ म्हणून थांबतील, आणि तिला ‘आणि तुम्ही?’ म्हणावं लागेल. आजपर्यंत तो प्रश्न नव्हताच, गोष्टीतली तिची ओळ होती. आता तो खरा प्रश्न झाला होता. सरांचा शेवटचा नियम तर फळ्यावर कायम लिहिलेला, संख्याशास्त्रवाले सुद्धा तो पुसत नसत. ज्याची गोष्ट, त्याला शेवटी विचारा. न विचारता आणलेला मजकूर सर वाचत नसत, टेबलाच्या कडेवरून परत सरकवत.

घरी सासूबाईंचा उत्साह ओसंडून चालला होता. विभागाचा अंक निघतो, त्यात निवडक मजकूर छापतात, हे तिनंच कधीतरी सांगितलं होतं आणि आता ते अंगाशी आलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून झालं होतं, दूधवाल्याला सांगून झालं होतं. “माझं पूर्ण नाव टाकतील ना?” सासूबाई विचारायच्या. “नुसतं आडनाव नको, आडनावानं तुझ्या सासऱ्यांनी आग विझवली असं वाटायचं.” नवरा म्हणाला, “आई, आता मुलाखत संपेपर्यंत सूनबाईंशी जपून बोल हं, उद्या आमटीत मीठ जास्त पडलं तर हेडलाइन.” सगळे हसले. ती हसली नाही आणि ते फक्त सासूबाईंच्या लक्षात आलं. नंतरच्या दोन दिवसांत आगीचा विषय एकदाही निघाला नाही. दूध उतू गेलं, तरी नाही. मग तिला कळलं की मावशींकडे ती जाऊन आली आहे हे सासूबाईंना माहीत आहे, बहुधा ती हसली नाही त्याच वेळेपासून माहीत आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात. पण खवखवत तर तिलाही होतं, आणि तिनं काहीच खाल्लं नव्हतं.

त्या दुपारी दोघी मटार सोलत होत्या. मुलगा शाळेत, नवरा ऑफिसात. खिडकीतून समोरच्या इमारतीवर रंगारी दोरावर लटकून भिंत घासताना दिसत होता. तिनं आणखी एक शेंग सोलून होऊ दे म्हटलं, मग आणखी एक. शेवटी ती म्हणाली, “मी मावशींकडे गेले होते.” “हं,” सासूबाई म्हणाल्या. “त्या म्हणाल्या, आग लागली तेव्हा तुम्ही उठून गेलात. बोर्डावर त्या राहिल्या.” तिनं वर्गात शिकवलेला सरळ आवाज काढायचा प्रयत्न केला. तो सरळ आला आणि म्हणूनच फार वाईट वाटला. सासूबाईंनी शेंग मोडली, दाणे ताटात टाकले. “आणखी काय म्हणाली?” “एवढंच. धुरानं पडल्या आणि अग्निशमनच्या माणसानं बाहेर काढलं.” आता सासूबाईंनी वर पाहिलं. “माणसानं?” “हो.” “असं म्हणाली? अग्निशमनच्या माणसानं?” “हो.” सासूबाई उठल्या, माठातलं पाणी प्यायल्या, भांडं पालथं घातलं आणि पुन्हा येऊन बसल्या. “मी परत आले, हे नाही म्हणाली?” त्यांनी विचारलं.

आणि मग त्यांनी सांगितलं. ही सांगणारी बाई वेगळीच होती. कुठं थांबली नाही, कुणी काही विचारायची वाट पाहिली नाही, वाक्यं अर्धी टाकून पुढं गेली. धूर आला तशी त्या उठल्या आणि पळाल्या. शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं सुद्धा नाही. रस्त्यावर आल्यावर पोरी मोजल्या तर धाकटी नाही. सगळ्या म्हणाल्या, येईल मागून. त्या परत वर गेल्या. वर काही दिसत नव्हतं. जमिनीवर रांगत, हातांनी चाचपत गेल्या. धाकटी सापडली, तिला ओढत जिन्याच्या वळणापर्यंत आणलं, तिथं अग्निशमनचा माणूस वर येत होता, त्यानं तिला खांद्यावर टाकलं. खाली आल्यावर मोठ्या साहेबांनी दरडावून विचारलं, बोर्ड सोडून कोण गेलं होतं? शेवटपर्यंत कोण होतं? “आणि मी म्हटलं, मी होते. नोकरी जाईल म्हणून म्हटलं. ती तर बेशुद्धच होती. साहेबांनी पाठ थोपटली. तिचं काय, विचारलं, तर म्हटलं, ती आधी पळाली, जिन्यात पडली. संपलं. मग ते सगळीकडे झालं. ती घरी आली तेव्हा गोष्ट तयार होती. वाटलं, ती बोलेल. ती बोलली नाही. मला वाटायचं, तिला माहीत आहे. मी सोडून गेले हेही आणि परत आले हेही. दोन्ही माहीत आहे म्हणून तिनं फिट्टंफाट केली.” त्यांनी हातातली रिकामी साल उगाच दोनदा दुमडली. “परत आले म्हणायचं तर आधी गेले म्हणावं लागतं. ते तेवढं मला कधी म्हणता आलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. म्हणून ती खुंटी आणि हेडफोन. हेडफोन मी कुठं फेकला ते देव जाणे.”

तिला सासूबाईंचा हात धरायचा होता. पण डोक्यात एक दुसरीच गोष्ट चालू होती आणि ती थांबेना. हेही खोटं असलं तर? इतकी वर्षं एक गोष्ट बिनचूक रंगवून सांगणाऱ्या बाईला दुसरी गोष्ट रंगवायला कितीसा वेळ लागणार? वर धूर होता, पाहणारं कुणी नव्हतं, आणि जिला ओढून आणलं ती म्हणते, एका माणसानं आणलं. एकटीचा शब्द. सरांनी हवेतल्या हवेत पेन्सिल ओढून ते काटलं असतं. जिच्याजवळ बसून तिनं रडून घेतलं होतं, जिनं तिच्यासाठी स्वतःच्या मुलाला गप्प केलं होतं, तिच्याकडे आपण संशयानं पाहतो आहोत, हे तिला स्वच्छ दिसत होतं आणि स्वतःची घृणा वाटत होती. शिकून हेच मिळवलं. विश्वास ठेवते आहे असं म्हणून टाकणं सोपं होतं. पण सासूबाई तिच्याकडे अशा बघत होत्या की नुसत्या म्हणण्यानं काही होणार नव्हतं. आजवर सगळ्यांनी त्यांच्यावर विश्वासच तर ठेवला होता. “कशाला धरून ओढलंत त्यांना?” तिनं विचारलं. “केसांना,” सासूबाई म्हणाल्या. “हाताला वेणी लागली. हात शोधायला वेळ कुठं होता?”

तिनं टेबलावरचा फोन उचलला. “कुणाला लावतेस?” सासूबाईंनी विचारलं. “मावशींना.” “नको गं. कशाला आता जुनी मढी उकरायची?” पण त्यांनी हात पुढं करून फोन काढून घेतला नाही. पलीकडे घंटी वाजत राहिली. प्रश्न कसा विचारायचा ते तिला माहीत होतं. प्रश्नातच उत्तर घालून दिलं की माणूस तेच परत देतो, शेजारणीनं वाटी परत करावी तसं. वेणी हा शब्द आपल्या तोंडून जाता कामा नये. आणि मावशी ‘आठवत नाही’ म्हणाल्या तर? किंवा ‘हाताला धरून’ म्हणाल्या तर? मग या स्वयंपाकघरात दोघींना रोज समोरासमोर बसायचं होतं, मरेपर्यंत. फोन ठेवून द्यावा असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात मावशींनी उचलला. “मावशी, एक राहिलं होतं विचारायचं. तुम्ही धुरात पडलात, त्यानंतरचं काय आठवतं?” “काही नाही गं. डोळे उघडले तेव्हा त्या माणसाच्या खांद्यावर होते. जिन्यात.” “त्याच्या आधीचं? बोर्डापासून जिन्यापर्यंतचं?” सासूबाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं. “तेव्हा शुद्ध कुठं होती,” मावशी म्हणाल्या. “नुसतं ओढत नेत होते. डोकं असं काही दुखत होतं! वेणी उपटून हातात येते की काय असं वाटलं. नंतर किती दिवस उशीवर डोकं टेकवता येत नव्हतं. मी आईला म्हटलं सुद्धा, ते लोक माणसाला वाचवतात की...” मावशी थांबल्या. तीही काही बोलली नाही. आपण काही बोललो तर ते आपलं होईल, असं तिला वाटलं. पलीकडे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली आणि विरली. “पण त्या माणसानं मला खांद्यावर घेतलं होतं,” मावशी सावकाश म्हणाल्या, “तो वेणी कशाला ओढेल?” मग त्या म्हणाल्या, “ताई आहे का तिथं?” “आहेत.” “दे तिला.”

तिनं फोन पुढं केला. सासूबाईंनी दोन्ही हात पुसले, पुन्हा पुसले, आणि फोन कानाला लावला. ती उठली, ताट घेतलं, सालांचा ढीग कागदावर ओढला आणि दाराकडे निघाली, कारण यापुढचं ऐकायचा तिला काही अधिकार नव्हता. दोघी नुसत्या फोन धरून होत्या. ती उंबऱ्याशी पोचली तेव्हा तिला मागून सासूबाईंचा आवाज ऐकू आला, कधी न ऐकलेला, अगदी लहान.

“खूप दुखलं होतं का गं?”